हजार ग्रॅमचं वजन

पिस्तुलाच्या नळीचं तोंड सरळ छताकडे. चापाला एक छोटा आकडा अडकवलेला आणि त्याला लटकवलेलं वजन टेबलावर टेकलेलं. पिस्तूल हळूहळू वर उचललं जातं. वजन टेबलावरून अधांतरी झालं आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. ‘खट्’ असा आवाज आला तर पुन्हा एकदा. तीन प्रयत्नांत वजन पेललं नाही, तर ते पिस्तूल घेऊन रेंजवर उभं राहता येत नाही. दहा मीटर एअर पिस्तुलासाठी हे वजन ५०० ग्रॅम असतं, पंचवीस मीटरच्या पिस्तुलांसाठी १००० ग्रॅम. ही तपासणी स्पर्धेआधी तर होतेच, पण नेम मारून झाल्यावरही काही नेमबाजांना अचानक बोलावलं जातं. तेव्हा चाप हलका निघाला तर नेमबाज थेट स्पर्धेतून बाद.

नेमबाजी हा डोळ्यांचा खेळ, असं आपण धरून चालतो. नियमांचं पुस्तक उघडलं की मात्र दिसतं, सगळा भर बोटावर आहे. पंचवीस मीटरचं पिस्तूल १४०० ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. म्हणजे जेमतेम चौदाशे ग्रॅमची वस्तू लांब केलेल्या एका हातावर तोलायची, तिच्यातल्या एका चिमुकल्या पट्टीवर हजार ग्रॅमचा जोर लावायचा आणि तेवढ्यात बाकी काहीच हलू द्यायचं नाही. चाप जितका हलका, तितकं हे काम सोपं. म्हणून तो किती हलका असावा याला मर्यादा. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पन्नास मीटर फ्री पिस्तूल हा प्रकार होता, त्यात चापाच्या वजनावर बंधनच नव्हतं. बोट नुसतं टेकलं तरी गोळी सुटेल, इतके नाजूक चाप तिथे चालत. तो प्रकार आता ऑलिम्पिकमधून गेला.

एवढ्याशा धक्क्याने बिघडतं तरी काय? इथे थोडं गणित करावं लागेल. पिस्तुलावर पुढे एक चौकोनी खुंटी असते आणि मागे खाच असलेली पट्टी. पुढची साइट आणि मागची साइट. खुंटी खाचेच्या बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, असं जुळवायचं असतं. पंचवीस मीटरच्या पिस्तुलात या दोन साइट्समधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर चालतं. आता समजा, खुंटी खाचेत अर्ध्या मिलिमीटरने सरकली. पंचवीस मीटरवर पोचेपर्यंत ही चूक सुमारे ५७ मिलिमीटर होते. अचूकतेच्या फेरीतल्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो, म्हणजे मध्यापासून २५ मिलिमीटर. गोळी आठात गेली! उलट साइट्स अचूक जुळलेल्या असताना अख्खा हातच पाच मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही पाचच मिलिमीटर बाजूला जाते आणि दहा गुण पदरात पडतात.

नवख्याला हे ऐकून पटत नाही. हात डुलतो याचीच त्याला धास्ती असते. हात तर जगज्जेत्याचाही डुलतो. नाडीचे ठोके, श्वास, तोल सावरणारे पायाचे स्नायू यांतलं काहीच बंद करता येत नाही. डुलण्यातून होणारी चूक छोटी असते. पण तो डुलणारा हात नेमका मध्यावर आला की ‘आत्ता!’ म्हणून चाप खेचला, की मनगट वाकतं आणि साइट्सची जुळणी मोडते. चांगला प्रशिक्षक म्हणूनच सांगतो, लक्ष्य धूसर दिसू दे, पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे. हाताच्या अंतरावरची खुंटी आणि दहा मीटरवरचं लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट पाहणं माणसाच्या डोळ्याला शक्यच नाही. नेम धरतानाही बरेच जण काळ्या वर्तुळाच्या मधोमध धरत नाहीत, त्याच्या खालच्या पांढऱ्या भागात धरतात, कारण काळ्यावर काळी खुंटी दिसायची कशी?

नेमबाजाच्या विचित्र चष्म्याचं रहस्यही इथेच आहे. एका डोळ्यापुढे गोल भिंग, त्यावर लहानमोठं करता येणारं छिद्र. छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं, दोन्ही थोडं थोडं स्पष्ट होतं. भिंग चष्म्याला लावायला परवानगी आहे, पिस्तुलाला नाही. दुर्बिणीची किंवा लाल ठिपक्याची साइट तर नाहीच नाही. दुसरा डोळा मिटला तर चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, म्हणून त्याच्यापुढे आडोसा लावतात. त्या आडोशाची रुंदीही ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ डिकेचचं छायाचित्र जगभर फिरलं. साधा चष्मा, दोन्ही डोळे उघडे, एक हात खिशात, आणि पदरात रौप्यपदक. ‘काहीही साधन न वापरता जिंकला’ असं लोक कौतुकाने म्हणाले. कौतुक योग्यच, पण त्याच्या हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं, नियमाच्या वजनाचं आणि मापाचं. आणि खिशातला हात ही काही बेफिकिरी नव्हे. मोकळा हात लोंबकळला तर खांदा हलतो, म्हणून बहुतेक नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात.

पिस्तूल एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता धरायचं. मनगट उघडं दिसलं पाहिजे, त्या हातात घड्याळ किंवा कडंही नको. बूट घोट्याच्या खालीच संपले पाहिजेत. हंगेरीच्या कारोली ताकाचचा उजवा हात १९३८ साली सैन्यातल्या सरावात हातबॉम्बने निकामी झाला. तो डाव्या हाताने शिकला आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकला. हात कुठला, हे नियम विचारत नाहीत. एक, एवढंच त्यांचं म्हणणं.

साधनांवरून भांडण तर पहिल्या ऑलिम्पिकइतकं जुनं आहे. १८९६ साली अथेन्सला बॉस्टनचे जॉन आणि समनर पेन हे दोघे भाऊ उतरले होते. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत जॉन पहिला, समनर दुसरा. पुढे समनरने फ्री पिस्तूलही जिंकलं. पण रॅपिड फायरमध्ये त्यांची हत्यारं नेहमीच्या कॅलिबरची नाहीत म्हणून दोघांनाही बाद केलं गेलं.

१९५६च्या मेलबर्नची गोष्ट याहून गमतीची. साध्या पिस्तुलात नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे गोळी सुटताना बसणारा झटका मनगटाला धरून नळीचं तोंड वर उडवतो. सोव्हिएत अभियंत्यांनी ‘रेकॉर्ड’ नावाचं जे पिस्तूल बनवलं, त्यात अख्खी यंत्रणाच उलटी बसवली. चाप वरून लोंबणारा, नळी खाली, हाताच्या रेषेत. झटका सरळ मागे खांद्याकडे जाणार, तोंड उडणार नाही, पुढच्या लक्ष्यावर नेम लगेच. येव्गेनी चेर्कासोव्हने रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि पिस्तुलावर बंदी आली. आजही नियम आहे की, नळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्याच्या वरूनच गेला पाहिजे. मला विचाराल तर ती बंदी योग्यच होती, पण ते उलटं पिस्तूल बनवणाऱ्या डोक्याला दाद द्यावीशी वाटते.

त्याच झटक्याशी २००५ सालच्या बदलाचाही संबंध आहे. तोपर्यंत रॅपिड फायरमध्ये पॉइंट टू टू शॉर्ट ही बुटकी काडतुसं चालत. गोळी हलकी, दारू कमी, झटका नावापुरता. त्या काळात जर्मनीच्या राल्फ शूमानने ६०० पैकी ५९७ गुणांचा विक्रम केला होता. मग नियम बदलले. पॉइंट टू टू लाँग रायफल हेच काडतूस, चाप किमान हजार ग्रॅमचा, झटका दाबण्यासाठी नळीला भोकं पाडायची नाहीत, आणि पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. विक्रम नव्याने मोजावे लागले आणि गुण खाली आले. शूमानने १९९२, १९९६ आणि २००४ अशी तीन सुवर्णपदकं जुन्या साधनांवर घेतली होती.

रॅपिड फायर म्हणजे काय, हे एकदा पाहायलाच हवं. शेजारी शेजारी पाच लक्ष्यं, हात ४५ अंशांत खाली, समोर लाल दिवा. हिरवा लागताच हात वर, आणि ओळीने पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या. आधी आठ सेकंदांत, मग सहा आणि शेवटी चार. चार सेकंदांतला सेकंदाहून जास्त वेळ तर पहिली गोळी सुटेपर्यंतच जातो. विजय कुमारने २०१२ साली लंडनला याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं.

अशा गतीपुढे रिव्हॉल्व्हर टिकणं अवघडच. प्रत्येक गोळीनंतर चक्र फिरवून पुढचा कप्पा नळीसमोर आणायचा. घोडा अंगठ्याने चढवला तर पकड ढिली होते, बोटानेच चढवला तर चाप कितीतरी जड होतो. शिवाय प्रत्येक कप्पा नळीच्या अगदी समोर यायला हवा, नाहीतर गोळी शिरतानाच खरवडते. तरीही सेंटर फायर पिस्तुलाच्या प्रकारात रिव्हॉल्व्हरला आजही परवानगी आहे. तिथल्या जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर असतं आणि मग सात सेकंद नसतं, त्या सात सेकंदांत अंगठ्याला आपलं काम करायला उसंत मिळते. कॅलिबर ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर. २००६च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने याच प्रकारात ५९० गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती.

काडतुसांचं जग वेगळंच आहे. पॉइंट टू टूमध्ये पेट घेणारं रसायन काडतुसाच्या बुडाच्या काठात भरलेलं असतं, म्हणून फायरिंग पिन काठावर आपटते. सेंटर फायरमध्ये ते बुडाच्या मध्यभागी, वेगळ्या टोपीत. स्पर्धेत गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची हवी, तांब्याचं आवरण चालत नाही. पॉइंट टू टूची गोळी असते साधारण २.६ ग्रॅमची. स्पर्धेच्या काडतुसांत तिचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा मुद्दाम कमी ठेवतात, कारण आवाजाचा वेग ओलांडताना आणि पुन्हा खाली येताना गोळीभोवतीच्या हवेची खळबळ होते. शिवाय वेग कमी तर झटकाही कमी. एकाच कारखान्याच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, आणि एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असं नाही. म्हणून मोठे नेमबाज पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळे लॉट चालवून पाहतात आणि जो लॉट गोळ्या सर्वांत जवळ जवळ टाकतो, तो विकत घेतात.

एअर पिस्तुलात दारूच नाही. २०० बारपर्यंत दाबलेल्या हवेची नळकांडी आणि अर्ध्या ग्रॅमच्या आसपासचा पेलेट. त्याचं डोकं चपटं असतं, कागदावर कडा स्वच्छ कापली जावी म्हणून. डब्यांवर डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं शतांश मिलिमीटरपर्यंत छापलेलं दिसेल. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं. नळकांडीची मुदत संपलेली नाही ना, हे पाहणं खेळाडूचीच जबाबदारी.

लाकडी मूठ मात्र ज्याची त्याची. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप घ्यायची, कानशीने घासायची, कुठे लाकडाची लांबी भरायची, पुन्हा घासायची. वर्षानुवर्षं हे चालतं. मात्र ती मनगटाला वेढून आधार देता कामा नये. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा थायलंडच्या नेमबाजाशी ३४ गुणांवर बरोबरी झाली होती आणि निकालासाठी एक नव्हे, दोन शूट-ऑफ घ्यावे लागले. अशा वेळी पाच गोळ्यांसाठी हात प्रत्येक वेळी मुठीत नेमका तसाच बसणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

आणि यंत्रच बिघडलं तर? टोकियो ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला. साठ गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, दुरुस्ती चालू असताना घड्याळ थांबत नाही. ती परतली, राहिलेल्या वेळात गोळ्या संपवल्या, ५७५ गुण झाले. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

पंचवीस मीटरच्या जलद फेऱ्यांत नियम जरा उदार आहे, पण तपासणी कडक. पिस्तूल अडकलं की ते लक्ष्याच्या दिशेनेच रोखून ठेवायचं, मूठ सोडायची नाही, मोकळा हात वर करायचा. पिस्तुलाशी खुडबूड केली की हक्क संपला. रेंज अधिकारी येतो, पिस्तूल आपल्या हातात घेतो आणि उघडून पाहतो. काडतूस पिनचा घाव बसूनही फुटलेलं नाही, किंवा गोळी नळीत अडकली आहे, तर दोष यंत्राचा. नेमबाजाला पुन्हा संधी मिळते. सेफ्टी काढलेली नव्हती, मॅगझिन नीट बसवलेलं नव्हतं, चारच गोळ्या भरल्या होत्या, किंवा घाईत बोटाने चाप पुरता पुढे सोडलाच नाही म्हणून तो पुन्हा चढला नाही, तर दोष नेमबाजाचा. लागलेल्या गोळ्यांचे गुण मिळतात आणि राहिलेल्या प्रत्येक गोळीपुढे शून्य लिहिलं जातं.