थंड बटर, तापलेला ओव्हन

जानेवारी उजाडला की फ्रान्समधल्या बेकऱ्यांच्या काचेआड सोनेरी, गोल, वरून नक्षी कोरलेल्या 'गालेत दे र्‍वा' मांडलेल्या दिसतात. निमित्त ६ जानेवारीच्या एपिफनी या ख्रिस्ती सणाचं. खाणं मात्र महिनाभर चालतं. आत बदामाचं सारण आणि त्या सारणात लपवलेली चिनीमातीची एक चिमुकली वस्तू, 'फेव्ह'. पूर्वी तिच्या जागी शेंगेचा वाळलेला दाणा असे. घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली जाऊन बसतं आणि कुठला तुकडा कुणाला द्यायचा ते तिथूनच सांगतं. ज्याच्या वाट्याला फेव्ह येईल तो त्या दिवसाचा राजा! राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जाणाऱ्या गालेतमध्ये मात्र फेव्ह घालत नाहीत. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाला राजा कसं करणार?

या गालेतचं बाहेरचं कवच म्हणजे पफ पेस्ट्री. मुळात मैदा, पाणी, मीठ आणि बटर, बस्स. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, अंडंही नाही. तरीही बोटभर जाडीची पट्टी ओव्हनमध्ये उंच फुगते आणि तिचे पापुद्रे मोजता येत नाहीत.

फुगवते ती वाफ. मैद्याच्या दोन पातळ पदरांमध्ये बटरचा एकसंध पडदा असतो. बटरमध्येही सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ओव्हनच्या धगीने बटर वितळतं, त्यातल्या आणि मैद्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वरच्या पदराला उचलून धरते. स्निग्धतेमुळे पदर एकमेकांना चिकटत नाहीत. तोवर मैदा भाजून ताठ होतो आणि ती पोकळी कायमची राहते. चिरोट्यांना पदर सुटतात त्यामागेही असंच तत्त्व आहे. तिथे तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा मधे असतो, फुलवायचं काम तळणीतलं गरम तूप करतं. साटा पोळीवर पसरता येतो. बटरला मात्र पिठात गुंडाळून, पुन्हा पुन्हा लाटून पातळ करावं लागतं, आणि सगळी मेहनत तिथेच आहे.

चौकोनी बटर मैद्याच्या पोळीत पाकिटासारखं बंद करायचं, लांबट लाटायचं, पत्रासारखी तीन पदरी घडी घालायची. पहिल्या घडीत बटरचे थर तीन, दुसरीत नऊ, मग सत्तावीस. सहा घड्या झाल्या की ७२९. फ्रेंच पेस्ट्रीची सहा घड्यांची ही जुनी पद्धत आजही शिकवली जाते. स्निग्ध पदार्थाचे थर देऊन पीठ लाटणं स्पॅनिश आणि अरब स्वयंपाकात होतंच. फ्रान्समध्ये १६५१ साली ला व्हारेन या आचाऱ्याचं 'ल क्विझिनिए फ्रांस्वा' हे पुस्तक छापलं गेलं आणि दरबारी स्वयंपाकाला लेखी शिस्त आली. पुढे १७८४ साली जन्मलेल्या मारी-आंत्वान कारेमने या पेस्ट्रीला नजाकत दिली. पॅरिसमधल्या बायी या पेस्ट्रीवाल्याकडे तो तरुणपणी कामाला होता. त्याचं 'ल पातिसिए र्‍वायाल पारिझियां' हे पुस्तक १८१५ मध्ये निघालं.

घरी करायला यंत्र लागत नाही. २५० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम वितळवलेलं बटर, चमचाभर व्हिनेगर आणि साधारण १२५ मिलिलिटर गार पाणी एकत्र करून गोळा जमेल इतपतच कालवावं. पोळीच्या कणकेसारखं तिंबायचं नाही. तिंबलं की ग्लुटेन ताठरतं, लाटलेली पोळी पुन्हा आक्रसते. हा गोळा चपटा करून तासभर फ्रीजमध्ये ठेवावा. दरम्यान २०० ग्रॅम गार बटर दोन बटर पेपरांमध्ये घेऊन लाटण्याने ठोकून १५ सेंटिमीटरचा चौकोन करावा. मैद्याची २२ सेंटिमीटरची चौकोनी पोळी लाटावी, त्यावर हा चौकोन तिरका ठेवावा आणि चारही कोपरे मध्यावर आणून सांधे नीट मिटवावेत.

इथून पुढे सगळा खेळ तापमानाचा. बटर १३ ते १६ अंश सेल्सिअसला लवचिक असतं: वाकवलं तर वाकतं, तुटत नाही. त्याहून गार असेल तर लाटताना आत त्याचे तुकडे होतात आणि पोळीवर पिवळट ठिपके दिसू लागतात. मऊ झालं तर ते मैद्यात मुरतं; मग पदर उरत नाहीत, खुसखुशीत बिस्किट तेवढं मिळतं. मैदा आणि बटर दोन्ही बोटाला सारखेच घट्ट लागले पाहिजेत. एवढी एक परीक्षा जमली की निम्मं काम झालं. दोन घड्या घालाव्यात, दर वेळी पोळी पाव वळसा फिरवून. मग पाऊण तास फ्रीज. असं तीनदा. विश्रांतीचा हा वेळ कुणी वाचवू पाहतं, आणि पेस्ट्री बिघडते ती बहुतेक तिथेच.

महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात ही अडचण खरी आहे. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं आणि मे महिन्यात ओट्याभोवतीची हवाच तेवढी तापलेली असते. बेकरीतल्या खारीसाठी बहुधा मार्गारीन किंवा वनस्पती वापरतात, त्याचं एक कारण हेच. ते उशिरा वितळतं म्हणून लाटायला सोपं, पण तोंडातही उशिरा वितळतं आणि टाळूला चिकटतं. घरी एवढा खटाटोप करायचा तर बटरच घ्यावं, तेही बिनमिठाचं. बाजारातल्या नेहमीच्या बटरमध्ये मीठ असतं आणि घरच्या लोण्यात पाण्याचं प्रमाण दर वेळी वेगळं. उकाड्यावर उपाय म्हणजे पहाटेची किंवा रात्रीची वेळ गाठणं. ओट्यावर आधी बर्फाने भरलेलं ताट ठेवून दगड गार करावा, पुसून कोरडा करावा, मग लाटायला घ्यावं. हात थांबला की पोळी फ्रीजमध्ये.

पहिल्यांदा करणाऱ्याने पेस्ट्रीच्या पत्र्यांमध्ये क्रीमचे थर दिलेली 'मिलफय' करू नये, गालेत करावी. तिला पूर्ण सपाट, कुरकुरीत पत्रे लागत नाहीत आणि थोडं वाकडंतिकडं फुगलं तरी ती देखणी दिसते. बदामाची पूड, साखर आणि बटर प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी. हे फेटलं की सारण तयार. दोन चकत्यांमध्ये ते भरताना कडेला दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी आणि पाण्याचं बोट फिरवून चिकटवावी. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी वर अंड्याचा बलक लावावा, पण कडेवर ओघळू देऊ नये, नाहीतर पदर चिकटून बसतात. सुरीच्या टोकाने वळणदार रेघा ओढाव्यात आणि वाफेसाठी मधे छोटं भोक ठेवावं. ओव्हन २०० अंशांवर तापलेला असावा. घरगुती ओटीजीला त्यासाठी चांगला वेळ लागतो. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. रंग बदामी आला म्हणून घाई न करता चांगला तपकिरी होऊ द्यावा. फिकी पेस्ट्री आत कच्ची, पिठूळ लागते.

मिलफयला उलट फुगणं आवरावं लागतं. पातळ लाटलेल्या पोळीला काट्याने टोचे मारायचे, वर दुसरा ट्रे ठेवून भाजायचं, शेवटी पिठीसाखर भुरभुरून तीव्र आचेवर ती वितळवायची. साखरेचं हे काचेसारखं कवच क्रीमचा ओलावा थोडा वेळ अडवतं. असे तीन पत्रे आणि मधे 'क्रेम पातिसिएर'चे दोन थर. अर्धा लिटर दूध, पाच बलक, १०० ग्रॅम साखर, ४५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि व्हॅनिला. ढवळत शिजवताना बुडबुडे आल्यावरही मिनिटभर उकळू द्यायचं. बलकात स्टार्च फोडणारं एक एन्झाइम असतं. ते पुरतं निष्क्रिय झालं नाही तर घट्ट दिसणारं क्रीम काही तासांत पातळ होतं. क्रीम पूर्ण गार झाल्यावर, वाढायच्या जरा आधी थर रचावेत. दुसऱ्या दिवशीची मिलफय मऊ पडलेली असते. कापताना दातेरी सुरी आधी नुसत्या वरच्या पत्र्यावर हलक्या हाताने चालवावी, मग खाली न्यावी. दाबलं तर क्रीम बाजूंनी बाहेर येतं.

कडा कापून उरलेले तुकडे चुरगळून गोळा करू नयेत, पदर मोडतात. ते एकावर एक ठेवून लाटावेत, मैद्याऐवजी साखर भुरभुरून दोन्ही बाजूंनी मध्याकडे गुंडाळावेत आणि बोटभर चकत्या कापून भाजाव्यात. 'पाल्मिए' म्हणतात त्यांना. घट्ट गुंडाळलेली न भाजलेली पेस्ट्री फ्रीझरमध्ये महिनाभर चांगली राहते, तेव्हा थंडीच्या दिवसांत दुप्पट प्रमाणात करून ठेवणं सोयीचं.