मतं कुणाची, आमदार कुणाचा

९ जून १९८० रोजी बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, तेव्हा अनेक मातब्बरांना तो धक्काच होता. आंबेतसारख्या कोकणातल्या गावातून आलेला, श्रीवर्धनमधून निवडून जाणारा हा माणूस. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारांचा नव्हे, मराठा नेतृत्वाच्या कुठल्याच घराण्याचाही नव्हे. इंदिरा काँग्रेसने २८८ पैकी १८६ जागा जिंकल्या होत्या आणि मुख्यमंत्री कोण हे दिल्लीत ठरत होतं. संजय गांधींचा विश्वास ही अंतुल्यांची खरी पुंजी. शपथविधीला जेमतेम दोन आठवडे झाले होते, तोच २३ जूनला विमान अपघातात संजय गांधी गेले.

अंतुले जेमतेम दीड वर्ष टिकले, पण त्यांचा कारभार लोकांच्या लक्षात राहिला. निराधारांसाठी संजय गांधींच्या नावाची योजना आली, ती आजही गावोगाव ‘निराधारचे पैसे’ म्हणून ओळखली जाते. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे झाले. शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणण्याचा घाटही त्यांनीच घातला. सिमेंटचं वाटप आणि त्यांनी उभारलेल्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं. महाराष्ट्राला त्यांच्याआधी मुस्लिम मुख्यमंत्री मिळाला नव्हता, नंतरही मिळाला नाही.

तो काळच निराळा होता. राजस्थानात बरकतुल्ला खान, बिहारमध्ये अब्दुल गफूर, केरळमध्ये काही आठवड्यांपुरते सी. एच. मोहम्मद कोया, आसाममध्ये सय्यदा अन्वरा तैमूर, हे सगळे १९७१ ते १९८१ या दहा वर्षांतले मुख्यमंत्री. अंतुल्यांनंतर मात्र जम्मू-काश्मीर आणि पुद्दुचेरी सोडली तर देशात कुठेही मुस्लिम मुख्यमंत्री झालेला नाही. त्या दशकातल्या या नावांपैकी कोयांचा अपवाद सोडला तर बाकीचे सगळे काँग्रेसचे, आणि बहुतेकांचं पद दिल्लीच्या मर्जीवर. पद देणारा हात सैल पडला की खाली स्वतःचं असं काही उरत नसे.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम ११.५४ टक्के, म्हणजे एक कोटी तीस लाखांच्या घरात. त्या हिशेबाने २८८ च्या सभागृहात तेहतीस आमदार व्हायला हवेत. २०१९ मध्ये निवडून आले १०, २०२४ मध्येही १०. लोकशाहीत प्रत्येक समाजाने मोजून आपलाच माणूस पाठवावा असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. पण तेहतीस आणि दहा यांतला फरक निव्वळ योगायोगाचा नव्हे.

२०२४ च्या या दहा जणांची यादी मोठी बोलकी आहे. काँग्रेसचे अमीन पटेल, अस्लम शेख आणि साजिद खान पठाण. समाजवादी पक्षाचे अबू आझमी आणि रईस शेख. अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ आणि सना मलिक. शिंदेंच्या शिवसेनेचे अब्दुल सत्तार, ठाकरेंच्या शिवसेनेचे हारून खान आणि एमआयएमचे मुफ्ती इस्माईल. दोन्ही शिवसेनांकडे एकेक! शिवसेनेच्या बाबतीत हे अगदीच नवं नाही. अंबरनाथचे साबिर शेख १९९५ च्या युती सरकारात कामगारमंत्री होते आणि शिवचरित्रावर, संतसाहित्यावर त्यांची व्याख्यानं गाजत. २०२४ मध्ये भाजपने मात्र राज्यात एकाही मुस्लिमाला उमेदवारी दिली नव्हती.

दहापैकी बरेचसे मुंबई, भिवंडी, मालेगाव, अकोला अशा शहरांतले, जिथे दाट वस्त्यांमुळे मुस्लिम मतं एका जागी आहेत. कागलची गोष्ट वेगळी आहे.

कागल हे कोल्हापूर जिल्ह्यातलं, राजर्षी शाहूंच्या जन्मघराण्याचं गाव. इथे मुस्लिम मतदार निकाल फिरवण्याइतके नाहीत. तरीही हसन मुश्रीफ १९९९ पासून सलग सहा वेळा इथून निवडून आले आहेत. कारण कागलमध्ये मत जातीधर्माआधी गटाला पडतं. मुश्रीफ गट, मंडलिक गट, राजे गट, संजयबाबा गट. ग्रामपंचायतीपासून दूध संघापर्यंत हीच विभागणी. मुश्रीफ सदाशिवराव मंडलिकांच्या तालमीत तयार झाले आणि पुढे त्यांच्याशीच भिडले. जिल्हा बँक हातात, सरसेनापती संताजी घोरपडे यांच्या नावाचा साखर कारखाना पाठीशी आणि दवाखान्याच्या बिलापासून पेन्शनच्या अर्जापर्यंत घरोघरचा संपर्क. २०१९ आणि २०२४ मध्ये समोर राजे घराण्यातले समरजितसिंह घाटगे होते, तरी कागल हललं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळ झालं, त्यात मुस्लिम म्हणून मुश्रीफ एकटेच होते.

सहकार ही महाराष्ट्रात नेते घडवणारी सगळ्यात मोठी शाळा, आणि तिथे मुस्लिमांना फारसा प्रवेश मिळाला नाही. ज्याला मिळाला तो कुणाच्याही मेहेरबानीविना सहा वेळा निवडून येतो. अर्थात याचीही किंमत असते. मुश्रीफांचे मतदार ऊसकरी शेतकरी आहेत, त्यामुळे त्यांनी आधी उसाचं बोलायचं. भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराचा किंवा मुंब्र्याच्या तरुणाचा आवाज व्हावं, ही अपेक्षा कागलच्या आमदाराकडून कशी करायची?

तिसरा एक मार्ग औरंगाबादेत दिसला. २०१९ च्या लोकसभेला पत्रकारितेतून आलेले एमआयएमचे इम्तियाज जलील प्रकाश आंबेडकरांच्या वंचित आघाडीसोबत उभे राहिले. मुस्लिम आणि दलित मतं एकत्र आली, त्यात हर्षवर्धन जाधवांनी अपक्ष म्हणून पावणेतीन लाखांहून अधिक मतं घेतली आणि शिवसेनेचे चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी पडले. २००४ मध्ये अंतुले कुलाबा लोकसभा मतदारसंघातून निवडून आले होते, त्यानंतर महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले हे पहिले मुस्लिम खासदार. पण काही महिन्यांत, विधानसभेच्या जागावाटपातच ही युती मोडली. २०२४ मध्ये जलील हरले आणि महाराष्ट्राच्या ४८ खासदारांत पुन्हा एकही मुस्लिम उरला नाही.

स्वातंत्र्याआधी असं नव्हतं. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या १७५ जणांच्या विधानसभेत २९ जागा मुस्लिमांना आणि तीन भारतीय ख्रिस्ती समाजाला राखून दिल्या होत्या, त्याही स्वतंत्र मतदारसंघांसह. मुस्लिमाने मुस्लिमालाच मत द्यायचं. फाळणीच्या रक्तपातानंतर ही पद्धत कुणालाच नको होती. घटना समितीत ख्रिस्ती प्रतिनिधींनी राखीव जागांचा आग्रह सोडला, बेगम ऐजाज रसूल यांनी मुस्लिमांनीही तो सोडावा अशी बाजू घेतली आणि १९४९ मध्ये धर्मावर आधारित राखीव जागांचा विषय संपला. निर्णय उदात्त होता. बहुसंख्याकांचे पक्ष आपापल्या याद्यांत अल्पसंख्याकांना जागा देतील, हा भरवसा त्यामागे होता. त्या भरवशाचं काय झालं हे उमेदवारांच्या याद्या सांगतात.

गोव्यातलं चित्र अगदी उलटं दिसतं, निदान वरवर. तिथे ख्रिस्ती पाव हिस्सा, २०११ मध्ये २५.१ टक्के. मुक्तीनंतर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षासमोर डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष उभा होता. सत्ता भाऊसाहेब बांदोडकरांना मिळाली, पण बारा जागा घेऊन सिक्वेरा विरोधी पक्षनेते झाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळलं गेलं. या निकालाने महाराष्ट्रात अनेकांचा हिरमोड झाला आणि खापर ख्रिस्ती मतांवर फुटलं. पण तेव्हाही ख्रिस्ती लोकसंख्या निम्म्याहून बरीच कमी होती. हिंदू मतं मोठ्या प्रमाणात विलीनीकरणाच्या विरोधात गेल्याशिवाय हा कौल लागणं शक्यच नव्हतं. विलीनीकरणाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सिक्वेरांचं नेतृत्व गोव्याचं झालं ते त्यामुळे.

पुढे मार्च १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात गोव्याने पाच ख्रिस्ती मुख्यमंत्री पाहिले. चर्चिल आलेमाव, लुईस प्रोत बार्बोझा, डॉ. विल्फ्रेड डिसोझा, लुइझिन फालेरो आणि फ्रान्सिस सार्दिन. पैकी आलेमाव तर तीन आठवडेही टिकले नाहीत. फुटीर गटांचं, रातोरात बदलणाऱ्या सरकारांचं ते दशक होतं. कुणाकडेच बहुमत नसलं की पाच-सात आमदारांचा गट घेऊन बसलेल्याला भाव येतो, आणि ख्रिस्तीबहुल सासष्टी तालुक्यातल्या नेत्यांना तो आला. ऑक्टोबर २००० मध्ये मनोहर पर्रीकर आले. त्यानंतर आजवर गोव्यात ख्रिस्ती मुख्यमंत्री झालेला नाही.

पर्रीकरांनी एक गोष्ट मात्र ओळखली होती. ख्रिस्ती मतदाराला पक्ष नको असला तरी आपल्या वाड्यावरचा माणूस हवा असतो. २०१२ मध्ये भाजपचे २१ आमदार आले, त्यात सहा ख्रिस्ती होते. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले आणि त्या पक्षाच्या २७ आमदारांत १५ कॅथलिक झाले. हिंदुत्ववादी म्हणवणाऱ्या पक्षाच्या विधिमंडळ गटात कॅथलिकांचं बहुमत! आकड्यांवरच प्रतिनिधित्व मोजायचं तर यापेक्षा जास्त काय हवं? पण यातल्या अनेकांना मतदारांनी भाजपविरोधात निवडून दिलं होतं. सासष्टीचा मतदार पुढच्या वेळी चिडला, आणि विखुरलाही. २०२२ मध्ये तालुक्यातल्या आठ जागांपैकी तीन काँग्रेसला, दोन आम आदमी पक्षाला आणि भाजप, गोवा फॉरवर्ड व अपक्ष यांना एकेक. ख्रिस्ती मतदार भरपूर असलेल्या नावेलीत, मतं वाटली गेल्यामुळे भाजपचे उल्हास तुयेकर निवडून आले. सहाच महिन्यांत काँग्रेसच्या अकरापैकी आठ आमदारांनी भाजपची वाट धरली. आणि गोव्यातल्या आठ टक्के मुस्लिमांचं काय? त्यांचा त्या विधानसभेत एकही आमदार नाही. शेख हसन हारून एकेकाळी मुरगावचे आमदार आणि सभापती होते, ती आता जुनी गोष्ट झाली.

महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज तर एक टक्काही नाही. जो आहे तो वसई, मुंबई, पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) असा पसरलेला. वसईत तो एकगठ्ठा आहे, पण तिथलं त्याचं राजकारण आमदारकीपेक्षा आंदोलनातून दिसलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसईची चळवळ बिल्डर आणि दहशतीविरुद्ध उभी राहिली. २००९ मध्ये गावं महानगरपालिकेत घालण्याविरुद्ध रण पेटलं, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती गावांनी साथ दिली ती अपक्ष विवेक पंडितांना, आणि ते आमदार झाले. धर्म उमेदवाराचा नव्हे, प्रश्न गावाचा. मराठी साहित्यविश्व मात्र राजकारणापेक्षा थोडं उदार निघालं. १९९० च्या संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, २०२० च्या संमेलनाचे फादर दिब्रिटो.

मग केरळला वेगळं काय जमलं? तिथे मुस्लिम २६ टक्क्यांवर, ख्रिस्ती १८ टक्क्यांवर आणि दोघांचे आपापले पक्ष. मलबारात मुस्लिम लीग, मध्य केरळात १९६४ मध्ये कोट्टायमला स्थापन झालेली केरळ काँग्रेस. रबराच्या मळ्यांवर जगणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा हा पक्ष. त्याचे के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ पासून २०१९ मध्ये मरेपर्यंत हरले नाहीत. हा पक्ष इतक्या वेळा फुटला की फुटणं हाच त्याचा वाढण्याचा मार्ग, अशी थट्टा होते. दोन आघाड्यांत काटे की टक्कर असल्याने या पक्षांना खाती मागून घेता येतात. १९६९ मध्ये डाव्या सरकारने मलप्पुरम जिल्हा केला, तोही लीग सत्तेत वाटेकरी असताना.

या गोष्टीचा एक धागा मुंबईतून जातो. गुलाम महमूद बनातवाला मुंबईचे. मुस्लिम लीगतर्फे ते १९६७ मध्ये उमरखाडीतून महाराष्ट्र विधानसभेत गेले. १९७७ मध्ये लीगने त्यांना लोकसभेसाठी मलबारातल्या पोन्नानीत उभं केलं. मुंबईच्या या कच्छी मेमन माणसाला पोन्नानीने एकूण सात वेळा खासदार केलं. महाराष्ट्रात लीग रुजली नाही. मलबारातला सलग पट्टा इथे नाही, आणि मुंबईपासून मराठवाड्यापर्यंतचे मुसलमान भाषेने, धंद्याने, इतिहासाने एक नाहीत. श्रीवर्धनचा कोकणी, मालेगावचा मोमीन आणि नांदेडचा निजामी वळणाचा उर्दूभाषक यांना एका पक्षात बांधणं सोपं नव्हतं. एमआयएमनेही महाराष्ट्रात पाय ठेवला तो २०१२ मध्ये नांदेडच्या महापालिकेत, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात.

२०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी त्याच कारणाने प्रचार समितीचा राजीनामा दिला. धुळ्यात काँग्रेसच्या शोभा बच्छाव पाच विधानसभा क्षेत्रांत मागे होत्या. सहावं, मालेगाव मध्य, उघडलं आणि तिथल्या जवळपास एकतर्फी मतदानाने त्या ३,८३१ मतांनी खासदार झाल्या. भाजपच्या नेत्यांनी याला ‘व्होट जिहाद’ म्हटलं आणि विधानसभेच्या प्रचारात तो शब्द राज्यभर फिरवला.

नोव्हेंबरमध्ये तेच मालेगाव मध्य पुन्हा मतदानाला उभं राहिलं. या वेळी बाहेरच्या कुणाला पाडायचं नव्हतं. लढत एमआयएमचे मुफ्ती इस्माईल आणि नवा पक्ष काढून आलेले आसिफ शेख यांच्यात होती. निहाल अहमदांसारखा विधानसभेतला विरोधी पक्षनेता दिलेल्या या यंत्रमागांच्या गावात गटातटांची चुरस कागलहून कमी नाही. मतं जवळपास बरोबरीने वाटली गेली आणि मुफ्ती इस्माईल १६२ मतांनी आमदार झाले.