हाताला कळणारा आवाज

इलेक्ट्रिक गिटारची पाचवी तार मोकळी ठेवून पिकने एकदा छेडा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ती सेकंदाला 110 वेळा कंप पावते. तिच्या खाली पिकअप असतो. चुंबक, आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते. ती साधारण शे-दोनशे मिलिव्होल्ट, जोरात छेडलं तर आणखी थोडी.

या इवल्याशा विजेपुढे आज दोन वाटा आहेत. एक वाट काचेच्या व्हॉल्व्हमधून जाते, म्हणजे ट्यूब ॲम्पमधून (ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर). दुसरी वाट संगणकाच्या चिपमधून, म्हणजे मॉडेलरमधून. ट्यूबवाले म्हणतात, मॉडेलरमध्ये जीव नाही. मॉडेलरवाले म्हणतात, डोळे मिटून ओळखून दाखवा. गंमत अशी की दोघंही खरं बोलतात, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. एक गोष्ट आहे टोन, म्हणजे आवाजाचा रंग, आणि तो कानाला कळतो. दुसरी आहे फील, म्हणजे आपल्या फटक्याला ॲम्पने दिलेला प्रतिसाद. तो वाजवणाऱ्याच्या हाताला कळतो. आपल्या 110 च्या स्वराचं बोट धरून दोन्ही वाटांनी जाऊन पाहू.

काचेच्या नळीत काय घडतं

व्हॉल्व्ह हे नाव नेमकं आहे, कारण त्याचं काम नळाच्या तोटीसारखंच असतं. ॲम्पमध्ये सर्रास सापडणारा छोटा व्हॉल्व्ह म्हणजे 12एएक्स7. युरोपात त्यालाच ईसीसी83 म्हणतात. निर्वात काचेच्या नळीत मधोमध कॅथोड असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात. भोवतीच्या प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब असतो, तो या इलेक्ट्रॉनना ओढून घेतो. दोघांच्या मध्ये ग्रिड नावाची बारीक जाळी असते, आणि ही जाळी म्हणजेच तोटी. गिटारमधून आलेली वीज जाळीवर पोहोचते, तोटी किंचित उघडते, किंचित मिटते, आणि त्यानुसार प्लेटकडचा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. अशा एका टप्प्यात सिग्नल सुमारे पन्नासपट मोठा होतो. असे टप्पे एकामागे एक जोडलेले असतात.

पण तोटीला मर्यादा असते. ग्रिड फार ऋण झाली की प्रवाह थांबतो, तोटी पूर्ण बंद. उलट बाजूला ग्रिड धन झाली की ती स्वतःच इलेक्ट्रॉन गिळू लागते आणि पुढे वाढ होत नाही. लाटेची दोन्ही टोकं या मर्यादांना आदळून चपटी होतात. हेच डिस्टॉर्शन. मात्र दोन्ही टोकांच्या मर्यादा सारख्या नसतात, त्यामुळे वरचं टोक एका तऱ्हेनं चपटं होतं, खालचं दुसऱ्या. शिवाय हे एकदम होत नाही. चाकूने कापल्यासारखी लाट तुटत नाही, तर मर्यादेजवळ येताना आधी हळूच वाकू लागते.

या वाकण्याचा आवाजावर काय परिणाम होतो, ते तंबोरा ऐकलेल्या माणसाला लगेच पटेल. खर्जाची तार छेडली की तिच्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. तो कोणी वाजवलेला नसतो. मूळ कंपनाच्या पाचपट कंपन त्याच तारेत दडलेलं असतं, आणि जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा घासून ते वर आणतो. व्हॉल्व्हमध्ये लाट वाकते तेव्हाही असेच स्वरांश वर येतात. आपला षड्ज 110 चा धरला, तर 220 हा वरचा षड्ज, 330 हा त्याचा पंचम, 550 हा आणखी वरचा गंधार. 770 मात्र कोमल निषादाच्याही जरा खाली पडतो, आणि तो फार वाढला की कानाला बोचतो. लाट दोन्ही बाजूंनी अगदी सारखी चपटी झाली तर फक्त विषम पट वाढतात: 330, 550, 770. एका बाजूला जास्त झाली तर 220 सारखे सम पटही येतात आणि आवाज भरीव वाटतो. लाटेचा कोपरा जितका टोकदार, तितके दूरचे स्वरांश जोरात आणि आवाज तितका कर्कश.

शेवटच्या टप्प्यावर मोठे पॉवर व्हॉल्व्ह बहुधा जोडीने काम करतात, एक लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. या जोडणीत त्यांनी स्वतः निर्माण केलेले सम पट एकमेकांना बहुतांशी खोडून काढतात. म्हणून ‘ट्यूब म्हणजे सम स्वरांश’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्य अर्धंच खरं आहे. छोटे व्हॉल्व्ह ताणले तर एक रंग मिळतो, मोठे ताणले तर दुसरा.

हा रंग कोणी ठरवून बनवला नव्हता. कॅलिफोर्नियात फुलरटनला लिओ फेंडर जे ॲम्प बनवत, ते स्वच्छ आवाजासाठी होते. त्यांचा बेसमन ॲम्प तर बेस गिटारसाठी होता. 1962 मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचं दुकान चालवणारे जिम मार्शल, केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी त्याच बेसमनच्या सर्किटवरून जेटीएम45 घडवला. वाजवणाऱ्यांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि इंजिनिअर ज्याला दोष समजत होते तेच वाद्याचा भाग झालं. 1966 मध्ये जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरच्या अल्बममध्ये एरिक क्लॅप्टन यांनी लेस पॉल गिटार आणि मार्शलचा ॲम्प यांतून काढलेला आवाज आजही नमुना म्हणून ऐकला जातो.

ॲम्पला आठवण असते

आतापर्यंत झाली टोनची गोष्ट. आता फील.

पॉवर व्हॉल्व्हना चारशे व्होल्टच्या आसपास दाब लागतो. तो ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि कपॅसिटर मिळून पुरवतात. कपॅसिटर म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. सगळ्या तारांवर जोरात हात मारला की व्हॉल्व्ह एकदम खूप प्रवाह ओढतात, टाकीची पातळी उतरते, व्होल्टेज घसरतं. याला सॅग म्हणतात. रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असेल तर ही घसरण अधिक होते. परिणाम असा की फटक्याचा पहिला कडक भाग दबतो, आणि टाकी भरत जाते तसा स्वर पाठीमागून फुलत येतो. सगळा खेळ सेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो. ऐकणाऱ्याला तो वेगळा जाणवेलच असं नाही. वाजवणाऱ्याच्या हाताला मात्र तार थोडी लवचिक झाल्यासारखी वाटते.

टप्प्याटप्प्यांमध्ये असलेल्या छोट्या कपॅसिटरचंही असंच. ग्रिडने इलेक्ट्रॉन गिळले की ते चार्ज होतात आणि व्हॉल्व्हचा कामाचा बिंदू क्षणभर सरकतो. म्हणजे आत्ताचा स्वर कसा वाजेल, हे मघाचा स्वर किती जोरात होता यावरही ठरतं. ॲम्पला आठवण असते ती अशी.

स्पीकरही मुकाट्याने ऐकून घेत नाही. 12 इंची गिटार स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने कमजोर होतो, आणि ते बरंच आहे. त्याच्याशिवाय डिस्टॉर्शन ऐकलं तर मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. स्पीकरवर 8 किंवा 16 ओहम लिहिलेलं असलं तरी तो आकडा प्रत्येक स्वराला बदलतो. खर्जात एका जागी तो कितीतरी पट चढतो, वरच्या पट्टीतही वाढत जातो. ट्यूब ॲम्प या चढ-उताराला जुमानतो, त्यामुळे त्या जागी आवाज उचलला जातो. शेवटी कॅबिनेटमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, हलणारी हवा परत गिटारच्या तारेवर आदळते आणि तारेला वाजत ठेवते. वर्तुळ पूर्ण होतं.

आकड्यांची वाट

मॉडेलरमध्ये आपला स्वर आधी आकड्यांत उतरतो. सेकंदाला सामान्यतः 48,000 वेळा मोजणी होते. पुढचं सगळं काम म्हणजे गणित.

सगळ्यात सोपं गणित म्हणजे वाकलेली रेषा. आत अमुक आकडा आला की बाहेर तमुक. लाट चपटी होते, स्वरांश वाढतात, रंग बराचसा जमतो. पण इथे दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली, खोटे स्वर. सेकंदाला 48,000 मोजणीत 24 किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. 7 किलोहर्ट्झच्या घटकाचा पाचवा पट 35 चा. तो मावला नाही म्हणून नाहीसा होत नाही, दुमडून 13 किलोहर्ट्झवर उतरतो, जिथे त्याचं मूळ स्वराशी काहीच नातं नसतं. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार. उपाय म्हणून डिस्टॉर्शनच्या टप्प्यापुरती मोजणी कित्येक पटींनी वाढवतात आणि नको ते गाळून पुन्हा खाली आणतात.

दुसरी अडचण म्हणजे आठवण. नुसत्या रेषेला मघाचा स्वर ठाऊक नसतो. सुरुवातीच्या मॉडेलरबद्दल ‘सपाट’, ‘कोरडा’ असे शेरे येत, त्याचं मोठं कारण हेच. 1998 मध्ये लाइन 6 कंपनीची राजम्याच्या दाण्याच्या आकाराची लाल पॉड आली तेव्हा घरात रेकॉर्डिंग करणाऱ्यांची सोय झाली, पण चिपची ताकद बेताची होती. पुढे तीन रीती रुळल्या. एका रीतीत सर्किटमधला प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, व्हॉल्व्ह समीकरणांत मांडून ती समीकरणं दर मोजणीला सोडवतात. यात सॅगही येतो आणि बटणं फिरवली की खऱ्यासारखी वागतात. दुसरी रीत जर्मनीच्या केम्परने 2011 मध्ये आणली. खऱ्या ॲम्पमध्ये ठरावीक चाचणीचे आवाज सोडायचे, बाहेर काय आलं ते तपासायचं आणि त्यावरून त्याची प्रोफाइल बनवायची. तिसरी रीत न्यूरल नेटवर्कची. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं, दोन्ही रेकॉर्डिंग दाखवून यंत्राला ॲम्प ‘शिकवायचा’. न्यूरल ॲम्प मॉडेलर हा असा मोफत प्रोग्रॅम आहे. शेवटच्या दोन रीती ॲम्पच्या त्या एका मांडणीचा फार हुबेहूब ठसा घेतात. पण तो ठसा असतो. बटणं दुसरीकडे फिरवली तर ॲम्प नेमका कसा वागला असता, हे एकट्या ठशाला माहीत नसतं.

स्पीकरची जागा इम्पल्स रिस्पॉन्स घेतो. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की घुमून जे परत येतं, त्यात त्या गाभाऱ्याचा सगळा स्वभाव आलेला असतो. कॅबिनेट आणि माइकचा असा ‘टाळीचा जबाब’ टिपून तो प्रत्येक स्वराला लावतात.

या गणिताला वेळ लागतो, पण थोडा. मॉडेलर साधारण काही मिलिसेकंद घेतो. आवाज हवेतून 3 मिलिसेकंदांत सुमारे एक मीटर जातो. म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभा असलेला वादक मॉडेलरहून जास्त विलंब रोज सोसतो, आणि त्याची त्याला गंधवार्ताही नसते.

तुलना कुठे चुकते

आता वादाचं मूळ सापडतं. मॉडेलर हेडफोनवर ऐकताना आपल्या कानी पडतो तो माइकसमोर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज, म्हणजे रेकॉर्डवरचा आवाज. ट्यूब ॲम्पसमोर उभं राहिल्यावर ऐकू येतो तो खोलीतला ॲम्प, आणि तो पोटऱ्यांनाही जाणवतो. या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. खरी तुलना करायची तर मॉडेलरचा इम्पल्स रिस्पॉन्स बंद करून तो पॉवर ॲम्पमार्गे त्याच कॅबिनेटला जोडा. किंवा ट्यूब ॲम्पला माइक लावून दोन्ही आवाज दुसऱ्या खोलीतून ऐका. दोन्हींची पातळीही सारखी ठेवा. मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक खर्ज, अधिक चमक असलेला भासतो. अशी तुलना केली की टोनमधला फरक खूपच आक्रसतो, आणि जो उरतो तो बराचसा प्रतिसादाचा असतो.

पातळीचा मुद्दा घरातही आडवा येतो. 100 वॅटच्या ऐवजी 50 वॅटचा ॲम्प घेतला म्हणून आवाज निम्मा होत नाही. फरक जेमतेम 3 डेसिबलचा पडतो. कानाला निम्मा वाटायला 10 वॅटपर्यंत उतरावं लागतं. फ्लॅटमध्ये पॉवर व्हॉल्व्ह ताणण्याइतका ॲम्प उघडणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण. तिथे मॉडेलरला तोड नाही. ट्यूब ॲम्प घेतलाच तर दोन नियम पाळा. स्पीकर न जोडता तो चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि उघडून आत हात घालू नका, कारण प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब साठलेला असू शकतो.

दुकानात दोन्हींपैकी काहीही पारखताना नुसती ओळखीची गत वाजवू नका. ॲम्प थोडा चिरकेल इतपत ठेवून आधी तीच तार हळू आणि मग जोरात छेडा, रंग बदलतो का पाहा. मग गिटारवरचं आवाजाचं बटण दहावरून चारवर आणा. चांगला ॲम्प फक्त हळू होत नाही, निवळतो. मग षड्ज-पंचम एकत्र वाजवा. 110 आणि 165 यांच्यातल्या फरकाचा 55 चा स्वर, म्हणजे खालचा षड्ज, डिस्टॉर्शनमधून आपोआप उगवतो. रॉकमध्ये ही जोडी इतकी का वाजते, ते इथे कळतं. आता षड्ज-गंधार वाजवा. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार 138.6 चा, त्यामुळे फरक 28.6 येतो, जो कुठल्याच स्वराशी जुळत नाही. म्हणून ती जोडी गढूळ होते.

शेवटी तीच पाचवी तार मोकळी छेडा आणि हात काढून घ्या. सुरुवातीला ती ॲम्पच्या मर्यादेला आदळत असते, मग नुसती टेकते, मग सुटी होते. चिरका स्वर हळूहळू जाडसर आणि मग स्वच्छ होतो. विझता विझता ती त्या सर्किटच्या सगळ्या अवस्थांतून उतरते. हा उतार कुठे अडखळत नसेल, तर आत काच आहे की चिप, हे झाकण उघडून पाहायची गरज नाही.