माणिकपुरात मिग रंगवताना

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बांधलेलं आणि सप्टेंबर २०२५मध्ये हवाई दलातून निवृत्त झालेलं मिग-२१ घरी टेबलावर प्लॅस्टिकच्या किटमधून जोडता येतं. १:७२ प्रमाणात त्याचा ७.१५ मीटरचा पंखविस्तार जेमतेम १० सेंटिमीटर भरतो. सांधे पॉलिश पेपरने घासा, धुवा, मग प्रायमर.

माणिकपूरसारख्या दमट गावात खरी गंमत पावसाळ्यात. लॅकर रंगातलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चंदेरी रंगावर दुधाळ साय धरते. जुलैत मी तरी नुसतं जोडकामच करतो. हवाई दलाच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या वर्तुळाचं डिकल, म्हणजे चिकटचित्र, लावण्याआधी चकचकीत वॉर्निश हवंच. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि पारदर्शक कड चंदेरी दिसते.