बरे वाटले, तरी गोळी का?



मनोविकाराच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. मुलगा वर्षभर नीट आहे, कामावर जातो, भिंतीतून कोणी बोलते असे आता म्हणत नाही. मग डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्या अजून कशाला? विचारणारी बहुधा आई असते, आणि प्रश्न अडाणीपणाचा नसतो. ताप उतरला की औषध थांबते, हा आपणा सर्वांचाच अनुभव आहे.

रोग आहे स्किझोफ्रेनिया. त्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो, आणि त्या नावामुळे एका देहात दोन माणसे नांदतात असा सिनेमाने पसरवलेला समज बळावतो. तो सोडून द्यावा. रोग्याला नसलेले आवाज ऐकू येतात, शेजारीपाजारी आपल्यावर टपले आहेत असे वाटते, आणि हळूहळू बोलण्याचालण्यातली उमेदच आटत जाते.

ह्यावरील औषधांच्या कथेतला एक धागा आपल्या परळचा आहे. सर्पगंधेची मुळी आयुर्वेदाला जुनीच ओळखीची. तिने रक्तदाब उतरतो आणि उन्मादही शमतो, असे कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ साली लिहिले. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्यांचे लक्ष ह्या मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडात तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर ह्यांनी क्लोरप्रोमॅझिन मनोरुग्णांना दिले. १९५७ साली लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्यांत डेनिकरही होते आणि आपले वकीलही.

रिसर्पिन पुढे मागे पडले. रक्तदाब फार उतरे, काहींना खिन्नता येई. पण दोन्ही औषधांचा रोख एकच आहे, हे स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन ह्यांच्या संशोधनातून उमगले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप धाडतात. त्यांतले एक डोपामिन. रिसर्पिन त्याचा साठाच रिकामा करते. क्लोरप्रोमॅझिन आणि त्याच्या कुळातली औषधे निरोप घेणारे दार अडवतात. ह्या रोगात असे निरोप अवाजवी येतात आणि क्षुल्लक गोष्टीलाही भलता अर्थ चिकटतो, असे मानतात.

दार अडवले म्हणजे निरोप थांबले, असे मात्र नव्हे. गणपतीत लालबागला खिडकी लावून घेतली की ढोल मंद ऐकू येतो. ढोल वाजतच असतो. गोळी सोडल्यावर रोग दुसऱ्याच दिवशी उलटत नाही. आठवडे जातात, कधी महिने. फसगत होते ती इथेच. अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब 'लॅन्सेट'मध्ये २०१२ साली आला: वर्षभरात औषध चालू असलेल्यांत शंभरांतले २७ पुन्हा आजारी पडले, बंद केलेल्यांत ६४. उरलेले ३६ त्या वर्षात औषधाविना राहिले, हेही खरे. पण ते कोण, हे आधी ओळखण्याचे साधन आपल्यापाशी नाही.

आणि औषधाची किंमत मोजावी लागते, हे आईने ऐकलेले असते. जुन्या औषधांनी अंग ताठते, हात कापतात. वर्षांनंतर ओठ आणि जीभ आपोआप चाळवू लागतात आणि कधीकधी ते कायमचे राहते. नव्यांपैकी काहींनी वजन आणि साखर वाढते. म्हणून कमीत कमी मात्रेवर भागते का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवे. इंग्लंडात हळूहळू मात्रा उतरवण्याची चाचणी झाली, तिचा निकाल २०२३ साली आला. दोन वर्षांत मात्रा उतरवलेल्यांपैकी २५ टक्क्यांचा आजार गंभीरपणे उलटला, पहिलीच मात्रा चालू ठेवलेल्यांत १३ टक्क्यांचा. आणि चारचौघांत वावरण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पहिल्याच झटक्यानंतर निदान वर्ष-दोन वर्षे औषध चालवावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. वारंवार उलटणाऱ्यांनी त्याहून पुष्कळ अधिक.

एक गोष्ट घराघरांत चालते, पण बोलली जात नाही. मुलगा गोळी घेईना, की ती चहात नाहीतर वरणात कालवली जाते. एका खोलीच्या बिऱ्हाडात रात्री-अपरात्री धिंगाणा सोसलेल्या आईबापांना दोष देण्याचा मला धीर होत नाही. पण पाहा: आपल्या अन्नात कोणी काही घालते आहे, हा तर ह्या रोगातला नेहमीचा संशय. तो एक दिवस खरा निघाला, म्हणजे त्या घरात त्याने विश्वास ठेवावा कोणावर? शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचाराला त्याची संमती महत्त्वाची मानली आहे. महिन्यातून एकदा घेण्याची इंजेक्शने मिळतात. ती त्याला सांगून, विचारून देता येतात. त्या दिवशी बापाने नाहीतर धाकट्या भावाने दवाखान्यापर्यंत त्याच्या सोबत जावे, आणि परतताना दोघांनी कुठेतरी बसून चहा घ्यावा.