एकच पुरे

शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टीचुंबक आठवा. १० सेंटिमीटर लांब, एका टोकाला उत्तर ध्रुव, दुसऱ्या टोकाला दक्षिण. तो मधोमध कापला तर एका हातात नुसता उत्तर आणि दुसऱ्या हातात नुसता दक्षिण ध्रुव यायला हवा. तसं होत नाही. कापल्या जागी नवे ध्रुव उगवतात आणि हातात दोन पूर्ण चुंबक येतात. असं निम्मं-निम्मं करत गेलात, तर अवघ्या २९ कापांत तुकडा अणूएवढा होतो. त्या अणूतला एकटा इलेक्ट्रॉनसुद्धा दोन्ही ध्रुव बाळगून असतो.

वीज मात्र सुटी मिळते. प्रोटॉन नुसता धन, इलेक्ट्रॉन नुसता ऋण. मग चुंबकाचा सुटा ध्रुव, म्हणजे ‘एकध्रुव’, का असू नये? भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३१ साली दाखवून दिलं की विश्वात कुठंही असा एक जरी एकध्रुव असेल, तर विद्युतभार ठरावीक मापांतच असायला हवा. आणि तो तसाच असतो. एका रुपयाचे कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा कोटी, त्यातल्याही एकाचे पुन्हा कोटी. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या भारांत एवढासुद्धा फरक आजवरच्या मोजमापांत सापडलेला नाही.

डिरॅक यांच्या समीकरणातून एकध्रुवाची ताकदही निघते. दोन एकध्रुवांमधलं बल तेवढ्याच अंतरावरच्या दोन इलेक्ट्रॉनांमधल्या बलाच्या सुमारे ४,७०० पट! इस्पितळातलं १.५ टेस्लाचं एमआरआय यंत्र घ्या. त्याच्या दीड मीटरच्या बोगद्यातून एक एकध्रुव जाऊ दिला, तर त्याला सुमारे ४५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा मिळेल. इलेक्ट्रॉनला जवळपास तेवढी ऊर्जा द्यायला स्टॅनफर्डला ३ किलोमीटरहून लांब त्वरक बांधावा लागला. एकध्रुव हाती आले, तर डोंगराएवढी यंत्रं खोलीत मावतील.

पण ते घडवायचे कसे? १९७४ साली जेरार्ड ’ट होफ्ट आणि अलेक्झांडर पोल्याकोव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की निसर्गातली बलं एकत्र आणू पाहणाऱ्या सिद्धांतांतून एकध्रुव आपोआप निघतात. अशा एका एकध्रुवाचं वजन अंदाजे एक अब्ज कोटी प्रोटॉनांएवढं. प्रोटॉनहून कितीतरी लहान गाभ्यात हजारो जिवाणूंचं वजन! जिनिव्हाजवळचा सर्नचा त्वरक २७ किलोमीटर घेराचा आहे. त्याचेच चुंबक वापरून एकध्रुवांची जोडी घडवायची, तर कड्याचा घेर किमान ४ प्रकाशवर्षं हवा. इथून सूर्याखेरीज सगळ्यात जवळच्या ताऱ्यापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच आहे.

त्या जड एकध्रुवाच्या अंगी आणखी एक गुण असावा, असं कॅलन आणि रुबाकोव्ह या शास्त्रज्ञांचं गणित सांगतं: वाटेत आलेला प्रोटॉन फोडायचा आणि स्वतः जसाच्या तसा उरायचा. १ ग्रॅम द्रव्याची सगळी ऊर्जा अशी मोकळी झाली, तर ती अडीच कोटी युनिट वीज होते. महिन्याला १०० युनिट जाळणारी २० हजार घरं त्यावर वर्षभर चालतील, आणि एकध्रुव पुढच्या ग्रॅमसाठी तयार.

म्हणून तर शोध थांबत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोल, त्याचा माग काढला. इटलीत ग्रान सासो डोंगराच्या पोटात ७६ मीटर लांबीचं ‘मॅक्रो’ उपकरण २००० सालापर्यंत वाट पाहत राहिलं. त्याच्या हिशेबानं फुटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेतून वर्षाला साधारण दोनांहून जास्त एकध्रुव जात नसावेत.

आणि तरी, १४ फेब्रुवारी १९८२, रविवार. स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत ब्लास काब्रेरा यांचं चार वेढ्यांचं, ५ सेंटिमीटर व्यासाचं निओबियमचं अतिवाहक वेटोळं शीतपात्रात होतं. त्यातला प्रवाह नोंदणाऱ्या आलेखाच्या रेषेनं अचानक उडी घेतली. एकध्रुव गेला तर जेवढी यायला हवी, नेमकी तेवढीच. तशी उडी त्यांना पुन्हा कधी दिसली नाही, म्हणून तिला शोध म्हणता येत नाही. पण अतिवाहक वेटोळ्यात एकदा सुरू झालेला प्रवाह आपण होऊन थांबत नाही. एकध्रुव आला, गेला, तरी त्याची खूण तिथं वाहत राहते. दुसऱ्याची गरज पडू नये, अशीच ही मांडणी आहे.