जेड

जेड हे दागिने व कोरीव वस्तू यांसाठी वापरले जाणारे शोभिवंत रत्न आहे. जेड हे एकाच खनिजाचे नाव नाही. जेडाइट आणि नेफ्राइट या दोन भिन्न खनिजांना मिळून ही संज्ञा वापरली जाते. दोन्ही दिसण्यात इतकी सारखी असतात की, ती दीर्घकाळ एकच मानली जात होती. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये त्यांतील भेद रासायनिक पृथक्करणाने दाखवून दिला.

नावाची व्युत्पत्ती

स्पॅनिश भाषेत या दगडास ‘कुशीचा दगड’ अशा अर्थाचे नाव होते. तो कुशीत ठेवल्यास मूत्रपिंडाचे विकार बरे होतात, अशी समजूत होती. जेड हा शब्द त्या नावावरून आला. नेफ्राइट हे नावही मूत्रपिंड या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून बनले आहे. या समजुतीला वैद्यकीय आधार नाही.

गुणधर्म

जेडाइट हे पायरोक्सीन गटातील सोडियम व ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट आहे. नेफ्राइट अँफिबोल गटातील असून त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह असते. मोह मापश्रेणीनुसार जेडाइटाचे काठिण्य ६.५ ते ७, तर नेफ्राइटाचे ६ ते ६.५ असते. जेडाइटाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.३ आणि नेफ्राइटाचे सुमारे २.९५ असते. त्यामुळे सारख्या आकाराच्या दोन खड्यांत जेडाइटाचा खडा जड भरतो.

काठिण्य आणि चिवटपणा हे दोन वेगळे गुण आहेत. हिरा अत्यंत कठीण असूनही योग्य दिशेने घाव बसल्यास दुभंगतो. जेड तुलनेने मऊ असूनही सहसा फुटत नाही, कारण त्यातील सूक्ष्म तंतू वा कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. नेफ्राइट या बाबतीत जेडाइटापेक्षाही सरस आहे. याच गुणामुळे न्यूझीलंडमधील माओरी लोकांनी त्यापासून हत्यारे घडविली, आणि अखंड दगडातून बांगडी कोरून काढणेही शक्य झाले.

आढळ व इतिहास

दागिन्यांसाठीचे उत्तम जेडाइट प्रामुख्याने म्यानमारच्या काचिन राज्यातील फाकांत परिसरातून येते. ग्वातेमालातील मोताग्वा खोऱ्यातही जेडाइट सापडते. नेफ्राइट चीनमधील खोतान, न्यूझीलंड, कॅनडा व सायबेरिया येथे मिळते. चीनमध्ये हजारो वर्षे वापरले गेलेले जेड हे मुख्यतः नेफ्राइट होते. हिरवेगार ब्रह्मी जेडाइट तेथे अठराव्या शतकापासून लोकप्रिय झाले.

मुघल दरबारातही जेडला मोठा मान होता. शाहजहानचा १६५७ मधील पांढऱ्या नेफ्राइटाचा मद्यचषक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही जेडच्या वस्तूंचा संग्रह पाहावयास मिळतो.

गुणवत्तेचे निकष

जेडाइटाची किंमत रंग, पारभासकता आणि पोत यांवर ठरते. शुद्ध जेडाइट पांढरे असते. क्रोमियमच्या अंशामुळे त्यास पाचूसारखा हिरवा रंग येतो. गडद, तेजस्वी, सर्वत्र सारखा पसरलेला हिरवा रंग व त्यासोबत प्रकाश आत झिरपू देणारी पारभासकता असल्यास त्यास ‘इम्पीरियल जेड’ म्हणतात. हा सर्वांत मौल्यवान प्रकार होय. त्याखेरीज जांभळट, पांढरे, पिवळे व काळे जेडाइटही वापरात आहे. नेफ्राइटात मेंढीच्या चरबीसारखा स्निग्ध पांढरा प्रकार श्रेष्ठ मानतात. कण जितके बारीक, तितकी झिलई उत्तम येते.

खड्याचा घाट सहसा पैलूरहित व घुमटाकार असतो. गडद खड्याचा रंग खुलावा म्हणून काही वेळा तो पाठीमागून पोखरून पातळ करतात. बंद कोंदणात हे लपते. म्हणून पाठ उघडी असलेला दागिना तपासण्यास सोयीचा असतो. बांगडी प्रकाशासमोर फिरवून तडे पाहावेत. नैसर्गिक रेषा नखाला लागत नाही, पृष्ठभागापर्यंत आलेला तडा मात्र पुष्कळदा जाणवतो.

प्रक्रिया व वर्गवारी

बाजारात जेडाइटाचे ‘ए’, ‘बी’ व ‘सी’ असे प्रकार सांगितले जातात. ही अक्षरे दर्जा दाखवीत नाहीत, केवळ केलेली प्रक्रिया दाखवितात. ‘ए’ प्रकारावर मेणाच्या झिलईपलीकडे काहीही केलेले नसते. ‘बी’ प्रकारात आम्लाने डाग काढून पोकळ जागी कृत्रिम राळ भरतात. ती कालांतराने पिवळी पडते आणि आम्लाने दगडही कमकुवत झालेला असतो. ‘सी’ प्रकार रंगविलेला असतो. दोन्ही प्रक्रिया झाल्या असल्यास ‘बी अधिक सी’ म्हणतात. म्हणजेच ‘ए’ प्रकारचा खडा नैसर्गिक असूनही सुमार दर्जाचा असू शकतो.

दहापट भिंगाखाली रंग कणांच्या सीमांवर साचलेला दिसल्यास खडा रंगविलेला असण्याचा संभव असतो. राळ भरलेली आहे की नाही, हे मात्र अवरक्त वर्णपटाच्या चाचणीनेच खात्रीने कळते. म्हणून मोठ्या किमतीच्या खरेदीत रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे, प्रक्रियेचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र आवश्यक ठरते.

सदृश दगड

सर्पेंटाइन ‘न्यू जेड’ या नावाने, हिरवे ॲव्हेंच्युरीन ‘इंडियन जेड’ या नावाने आणि रंगविलेले क्वार्टझाइट ‘मलेशियन जेड’ या नावाने विकले जाते. यांपैकी कोणताही दगड जेड नाही. ‘जेड’च्या आधी स्थलवाचक विशेषण आढळल्यास पावतीवर खनिजाचे नाव लिहून घेणे हिताचे असते.

निगा

जेड कोमट पाणी व सौम्य साबण यांनी धुऊन मऊ कापडाने पुसावे. आम्ले, तीव्र उष्णता व रासायनिक द्रावणे टाळावीत.

खाणकामाचे प्रश्न

फाकांत येथील खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांत उरलेसुरले दगड शोधणारे मजूर वारंवार अपघातांस बळी पडतात. २ जुलै २०२० रोजी तेथे ढिगारा कोसळून १७० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या व्यापारातील पैसा काचिनमधील सशस्त्र संघर्षालाही पोसतो, असा आक्षेप आहे. त्यामुळे दगडाचा उगम कोठला, हा प्रश्नही आता गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा मानला जातो.